इथल्या इथे

माझा मामेभाऊ पडला तेव्हा गाडीचा वेग किती होता, हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण गाडीला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेल्या होत्या, रस्ता चढाचा होता आणि डेअरी घरापासून सव्वा किलोमीटरवर होती. काटा तिसाच्या वर गेला नसणार. पहाटेचे पावणेसहा वाजले होते. आदल्या आठवड्यात रस्त्यावर नवा गतिरोधक झाला होता, त्यावरचे पांढरे पट्टे मारायचे राहिले होते. किटल्या हिंदकळल्या, हँडल वळलं, तो डाव्या अंगावर पडला आणि डोकं डांबरावर आपटलं. अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. विट्याला नेलं, तिथून मिरजेला. तिसऱ्या दिवशी तो गेला. वय ४२. दारूचं व्यसन नाही, कुणाला कट मारून पुढे जाणं नाही, बावीस वर्षांत एकदाही पोलिसाने अडवलेलं नाही. हेल्मेट घरात खुंटीला होतं. पुण्याला जायचं असलं की तो ते काढायचा. डेअरीला जायचं म्हणजे काय, इथल्या इथे.

दहाव्याला ओढ्याकाठी माणसं जमली. पिंड ठेवले होते, कावळ्याची वाट बघत सगळे गप्प बसले होते, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून मी बाभळीखाली लावलेल्या मोटारसायकली मोजत होतो. साठच्या वर होत्या. हेल्मेट दोन. डोक्याला मार लागून गेलेल्या माणसाच्या दहाव्याला आम्ही सगळे उघड्या डोक्याने गाडीवर आलो होतो, मीसुद्धा. कारण सगळे आसपासच्या वस्त्यांवरून आले होते. इथल्या इथून.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की होत गेली आहे. दुचाकीवरच्या धोक्याबद्दल बोलताना आपण चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो कॉलेजचा पोरगा: सायलेन्सर बदललेला, फटाके फोडणारा, तिघांना बसवून पुढचं चाक उचलणारा. तो आहे आणि धोकादायकही आहे, त्याला माफी नाही. पण त्याच्याकडे बोट दाखवलं की बाकीच्यांना हायसं वाटतं. धोका म्हणजे मस्ती आणि मी तर मस्ती करत नाही, म्हणजे मी सुरक्षित, असा हिशोब आपण मांडतो. माझा मामेभाऊही तोच मांडत होता.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ चे आकडे आहेत. त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. डोक्यावर हेल्मेट नसताना मेलेले ५०,०२९. म्हणजे रोज १३७ माणसं. त्यांतली प्रत्येक हेल्मेटने वाचली असती असं कुणी म्हणू नये. ट्रकच्या चाकाखाली सापडलेल्याला हेल्मेट काय करणार? पण जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आहे आणि त्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे: हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी घटते. एवढी माणसं केवळ स्टंट करत मरत नाहीत. देशात तेवढे स्टंट करणारेच नाहीत.

मग शहाणी, बायकापोरांची माणसं असं का वागतात? अडाणीपणा म्हणावा तर माझ्या ओळखीचे प्राध्यापक आणि डॉक्टरही हेल्मेट कोपराला अडकवून गाडी चालवतात. मला वाटतं, याचं कारण अनुभवात आहे. आपण म्हणतो, अनुभवासारखा गुरू नाही. शेतात, स्वयंपाकघरात, धंद्यात ते खरं आहे. तव्यावर हात ठेवला की लगेच भाजतो, पुन्हा ठेवत नाही. रस्ता तसं शिकवत नाही. राँग साइडने पन्नास पावलं गेलो, काही झालं नाही, दोन मिनिटं वाचली. उद्या पुन्हा गेलो, पुन्हा वाचली. चूक केल्यावर रस्ता शिक्षा देत नाही, बक्षीस देतो, आणि तेही हजारो वेळा.

याचा हिशोब करून बघता येतो. मामेभावाच्या डेअरीच्या रोज चार फेऱ्या धरा, सकाळ-संध्याकाळ जाऊन-येऊन. वर्षाच्या १,४६०. बावीस वर्षांच्या ३२ हजारांहून जास्त. आता समजा, एका फेरीत डोक्यावर पडण्याची शक्यता लाखात एक आहे. हा आकडा मी केवळ हिशोबासाठी धरलाय, कुठे छापलेला नाही. लाखात एक म्हणजे आपल्या बोलीत ‘काही होत नाही’. तरीही असे शंभर जण बावीस वर्षं गाडी चालवत राहिले, तर त्यांतले सुमारे बहात्तर जण एकदाही न पडता पार होतात. अठ्ठावीस जण पडतात. आता चावडीवर बसून कोण बोलतं? ते बहात्तर. ‘इतकी वर्षं चालवतोय, आम्हाला काय झालं?’ हे वाक्य त्यांच्या तोंडी शंभर टक्के खरं असतं, आणि ऐकणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला ते पुरावा म्हणून पुरतं. उरलेल्या अठ्ठावीसांपैकी काही बोलायला शिल्लक नसतात, काहींना नीट बोलता येत नाही.

म्हणून उपदेशाचा काही उपयोग होत नाही असं माझं ठाम मत झालंय. दर वर्षी रस्ता सुरक्षा अभियान येतं, शाळेतली पोरं फलक घेऊन चौकात उभी राहतात, पोलीस गुलाबाचं फूल देतात. फूल घेऊन माणूस पुढच्या चौकात पुन्हा उलट्या बाजूने घुसतो. तो निर्लज्ज आहे म्हणून नाही. वर्षातल्या एका फुलासमोर त्याच्याकडे हजार फेऱ्यांचा अनुभव असतो.

‘गावात-शहरात वेगच कुठे असतो, मग हेल्मेट कशाला’ हा युक्तिवाद मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हा विरोधाला कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, आणि तिथेही हाच मुद्दा पुढे होता: महामार्गावर हवं तर घालू, शहरात नको. शाळेतलं विज्ञान आठवा. गाडी अगदी उभी आहे आणि माणूस बसल्या जागी आडवा पडला, तर त्याचं डोकं साधारण दीड मीटर उंचीवरून खाली येतं. जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर असतो. गाडीचा वेग शून्य आणि डोक्याचा वीस! पुढे जाण्याचा वेग यात धरलेलाच नाही. ताशी ४० ने जाऊन भिंतीवर आदळणं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडणं, ६० ने म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आपण पोराला बसू देत नाही. गाडीच्या टाकीवर मात्र बसवतो आणि हँडल धरू देतो.

मान दुखते, घाम येतो, मागचा हॉर्न नीट ऐकू येत नाही, या तक्रारी खोट्या नाहीत. एप्रिल-मेमध्ये सांगली-सोलापूरकडच्या उन्हात हेल्मेट घालून दहा मिनिटं सिग्नलला थांबणं हा त्रास आहे. पण याच उन्हात तोंडाला उपरणं गुंडाळून, वर टोपी घालून माणसं तासन्‌तास फिरतात. त्रास सोसायची सवय आपल्याला आहे, ती कशासाठी वापरायची एवढाच प्रश्न आहे. हेल्मेट हलकंही मिळतं. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणं हाच गुन्हा आहे. तरी रस्त्याकडेला दोन-तीनशे रुपयांना मिळणारी प्लास्टिकची टोपली खपते, कारण ती डोक्यासाठी नव्हे, वाहतूक पोलिसाला दाखवण्यासाठी घेतलेली असते. पट्टाही न लावता.

‘माझं डोकं, माझी मर्जी’ याबद्दल मला थोडं कठोर बोलायचंय. ज्यांनी मिरजेला किंवा कुठेही अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्र काढली आहे, त्यांच्यापुढे हे वाक्य उच्चारून बघावं. डोकं त्याचं असतं, पण त्यानंतरची अर्धांगाची पंधरा वर्षं त्याच्या बायकोची असतात. गहाण ठेवलेली दीड एकर बापाची असते. अशा एका घरात मी गेलो आहे. तिथे तिशीचा मुलगा खाटेवर आहे, आई त्याला वरणभात भरवते आणि तो तिला ओळखत नाही. स्वातंत्र्य हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, म्हणूनच तो इथे वापरलेला मला सहन होत नाही.

‘आधी रस्ते नीट करा, मग आम्हाला सांगा’ या मुद्द्याला मात्र मी मान देतो. सरकारी अहवालांत बहुतेक मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ असं कारण लिहिलेलं असतं. २०२२ मध्ये ७१ टक्के मृत्यू त्या रकान्यात गेले. मला तो रकाना सोयीचा वाटतो. अतिवेग लिहिलं की दोष चालकाचा ठरतो, आणि खड्डा, पट्टे नसलेला गतिरोधक, बंद दिवे, चुकीचा उतार यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. राँग साइडचंच बघा. चौपदरी रस्ता गावावरून जातो, दुभाजक बसतो, आणि समोरच्या रानात जायला दीड-दोन किलोमीटर जाऊन वळून यावं लागतं. दिवसातून सहा वेळा वैरण आणणारा माणूस हे करणार नाही, हे आराखडा काढणाऱ्याला कळायला हवं होतं. मग कुणीतरी रात्रीत दुभाजक फोडतो, आणि त्या फटीतून मोटारसायकली अचानक बाहेर येतात. फोडणारा दोषी आहेच. पण ज्याने गाव बघितलंच नाही तोही आहे.

आमच्या खानापूर तालुक्यात टेंभू योजनेचं पाणी आलं, ऊस आला, उसाबरोबर डबल ट्रॉल्या आल्या. हंगामात रात्री ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला असतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस मागे हातभर बाहेर आलेला. गुहागर-विजापूर रस्ता पूर्वी इतका खराब होता की चाळीसच्या वर जाताच यायचं नाही. आता गुळगुळीत झालाय, पोरं ऐंशीने जातात. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. मोटारसायकलच्या दिव्यात काळी ट्रॉली तीस-चाळीस मीटरवर दिसते. दिसल्यापासून ब्रेकवर हात जाईपर्यंतच एक-दीड सेकंद जातो. इथे चालकाचं कौशल्य कामाला येतच नाही. रिफ्लेक्टरची पट्टी काही शे रुपयांची असते. ती लावल्याशिवाय ट्रॉली गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकायच्या जागी, घेणार नाही असं कारखान्याने ठरवलं, तर चार दिवसांत सगळ्या ट्रॉल्या चमकतील. तिथे वजन होतं, नोंद होते, पैसे मिळतात. तिथे शिस्त लावता येते.

पण रस्ता खराब म्हणून हेल्मेट नको, हे कसं काय? खड्डा आहे म्हणूनच तर ते हवं. रस्ता दुरुस्त होईपर्यंत डोकं बाजूला काढून ठेवता येत नाही.

मागे बसणाऱ्यांबद्दल फार कमी बोललं जातं. ते ५०,०२९ मी सांगितले, त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसतं कोण? बायको, आई, बहीण, लेक. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, एका हातात पिशवी, मांडीवर तान्हं पोर, धरायला हात मोकळा नाही. गतिरोधकावर गाडी आदळली की पहिली तीच उडते. पदर किंवा ओढणी चाकात गेली की गळ्याला फास. साडी गार्ड नियमात आहे, तरी पोरं तो ‘गाडीचा लुक जातो’ म्हणून काढून टाकतात, आणि त्याच गाडीवरून आईला बाजाराला नेतात. चालवणाऱ्याने हेल्मेट घातलंय आणि मागे बायको उघड्या डोक्याने, हे दृश्य मला जास्त अस्वस्थ करतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरच्या कारवाईची वेगळी नोंद करायला सांगितलं, तेव्हा किती चेष्टा झाली! कायद्यात ती सक्ती आधीपासून होती. आपणच मागच्या जिवाला मोजत नव्हतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी पट्टा, लहान हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम केंद्राने २०२२ मध्ये काढला. तो पाळणारा एकही बाप मी अजून पाहिलेला नाही.

आणि पोरांच्या हातात गाडी देणारे आपण. कायद्याने सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते, पण तसल्या मोपेड बाजारातून कधीच गेल्या. म्हणजे नववी-दहावीचा जो मुलगा क्लासला ११० सीसीची स्कूटर घेऊन जातो, तो बेकायदाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा पोराने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. एवढी जबर शिक्षा कागदावर असूनही क्लासच्या दारात स्कूटरची रांग लागते. शेवटची एसटी साडेसातला आणि क्लास सुटतो आठला, ही आईबापाची अडचण मी जाणतो. पण गाडी शिकवतो कोण? मोठा भाऊ, मैदानात, अर्ध्या तासात. क्लच, गिअर, झालं. समोरचा रिक्षावाला काय करेल याचा अंदाज कसा घ्यायचा, ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक किती दाबायचा, ट्रकवाल्याला आपण कुठे दिसत नाही, हे कुणी शिकवत नाही. आरटीओत आठचा आकडा काढला की लायसन्स मिळतं. रस्त्यावर आठचा आकडा कधीच काढावा लागत नाही.

तर उपाय काय? शिक्षा वाढवणं नव्हे. हजाराचा दंड दहा हजार केला की तोडपाणीची रक्कम वाढते, बाकी काही होत नाही. दंड लहान असला तरी चालेल, पण तो चुकायला नको, आणि उद्याही परवाही व्हायला हवा. ई-चलान मोबाइलवर येऊन पडतात, साठत जातात, आणि लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून कुणी भरत नाही. असा दंड रस्त्यासारखाच चुकीचा धडा देतो: काही होत नाही.

व्हिएतनाममध्ये आपल्यासारखीच मोटारसायकलींची गर्दी आणि तसंच दमट ऊन आहे. तिथे १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं झालं. त्याआधी बहुतेकांची डोकी उघडीच असायची, त्यानंतर थोड्याच काळात दहांतले नऊ जण घालू लागले. पुढच्या तीन महिन्यांत तिथल्या वीस रुग्णालयांच्या नोंदींत अपघातातल्या डोक्याच्या दुखापतीची शक्यता १६ टक्क्यांनी आणि मृत्यूची १८ टक्क्यांनी घटली. तिथली माणसं एका रात्रीत शहाणी झाली नाहीत. तारीख जाहीर झाली होती, आणि त्या तारखेला पोलीस खरोखर उभे होते, सगळीकडे, एकदम. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेली कारवाई त्याच वर्षी जूनमध्ये राजकीय दबावाखाली थंडावली. त्यातून लोक काय शिकले? थोडं थांबलं, आरडाओरडा केला, की नियम मागे जातो.

खेडोपाडी पोलीस उभा राहणार नाही, हे मला मान्य आहे. पण खेड्यात दुसरी ताकद आहे. दूध संस्था, साखर कारखाना, पीककर्ज देणारी सोसायटी, शाळा यांच्या दारात माणूस रोज जातो, तिथे त्याचा खातेनंबर असतो, आणि तिथला नियम तो पाळतो. फॅट कमी लागली तर दर कमी, यावर कुणी मोर्चा काढत नाही. नवी दुचाकी विकताना कंपनीने हेल्मेट द्यायचं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेच. दुकानदाराने ते दिलं नाही तर विचारणारं कुणी नसतं. गाडीला कर्ज देणारी पतसंस्था मात्र विचारू शकते.

गेल्या वर्षी आमच्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेत मी एक ठराव दिला. संस्थेने आयएसआय हेल्मेट एकगठ्ठा आणावीत, प्रत्येक सभासदाला दोन द्यावीत, एक चालवणाऱ्याचं, एक मागच्याचं. पैसे दूधबिलातून दहा हप्त्यांत कापावेत. आणि सहा महिन्यांनंतर हेल्मेट न घालता गाडीवरून आलेल्याचं दूध शेवटी मोजावं. नाकारू नये, फक्त रांगेत शेवटी. तो चर्चेलाच आला नाही. वेळ संपला होता. सभा संपल्यावर एक संचालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘गुरुजी, तुमचं खरंय. पण इथल्या इथं दूध घालायला यायचं नि हेल्मेट?’ ते वाईट माणूस नाहीत. मामेभावाच्या अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांत ते होते.

सप्टेंबरच्या सभेसाठी तोच ठराव मी पुन्हा लिहून दिला आहे, शब्दही बदलला नाही. सूचक म्हणून माझी सही आहे. सभासदत्व आता वहिनीच्या नावावर आलंय. सकाळचं दूध तीच घालते, स्कूटरवरून, खुंटीवरचं ते हेल्मेट घालून. अनुमोदक म्हणून तिने सही केली आहे.